सीएक्ससीआर-४ ‘जास्त’ आहे, म्हणजे नेमका कुठे?

स्तनाच्या कर्करोगाच्या पॅथॉलॉजी रिपोर्टवर ईआर, पीआर (हार्मोनचे दोन रिसेप्टर), हर-२ (पेशीच्या वाढीचा रिसेप्टर) असतं, बहुतेक ठिकाणी केआय-६७ही (पेशी किती वेगाने वाढतात याची खूण) असतं. सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ ही नावं तिथे नसतात. पण इंटरनेटवर शोधलं की याच दोन रिसेप्टरांवर, म्हणजे पेशीवर बसून बाहेरचा संदेश घेणाऱ्या प्रथिनांवर, ढिगाने शोधनिबंध सापडतात आणि बहुतेकांचा निष्कर्ष एकच असतो: गाठीत हे जास्त असले तर रोग पसरण्याची शक्यता जास्त. मग ही तपासणी का करत नाहीत, असं रुग्णाच्या घरचे विचारतात, पॅथॉलॉजीचे विद्यार्थीही विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘अजून संशोधन चालू आहे’ एवढ्यावर त्याची बोळवण करू नये. हे रिसेप्टर रोगाच्या प्रसारात खरोखर भाग घेतात, याबद्दल मला शंका नाही. पण ‘जास्त’ या एका शब्दात तीन प्रश्न दडलेले आहेत: पेशीच्या कोणत्या भागात जास्त, कोणाच्या पेशीवर जास्त, आणि कधी मोजलं तेव्हा जास्त. या तिन्हींची उत्तरं न देता छापलेले आकडे फार आहेत, आणि तपासणी रुग्णालयापर्यंत न पोचण्याचं कारण बरंचसं तिथेच आहे.

थोडी ओळख आधी. केमोकाइन म्हणजे साधारण ८ ते १० किलोडाल्टनचं छोटं प्रथिन. माणसात अशी पन्नासच्या आसपास आहेत आणि त्यांना ओळखणारे रिसेप्टर साधारण वीस. नावं किचकट दिसतात, पण त्यांना रीत आहे. प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाजवळ सिस्टीन हे अमिनो आम्ल लागोपाठ दोनदा आलं तर सीसी, दोघांच्या मध्ये दुसरं एखादं अमिनो आम्ल आलं तर सीएक्ससी. नावात पुढे एल असेल तर ते केमोकाइन, आर असेल तर रिसेप्टर. रिसेप्टर पेशीच्या आवरणातून सात वेळा आरपार गेलेला असतो आणि आतल्या बाजूने जी-प्रथिनाला, मुख्यतः जीआय प्रकाराला, जोडलेला असतो.

त्याचं रोजचं काम पांढऱ्या पेशींना वाट दाखवण्याचं. सीसीएल-१९ आणि सीसीएल-२१ ही केमोकाइन्स लिम्फ नोडमध्ये (लसिकाग्रंथीत) तयार होतात, आणि सीसीआर-७ असलेल्या लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्यांच्या मागाने नोडमध्ये शिरतात. सीएक्ससीएल-१२ अस्थिमज्जेत भरपूर असतं, म्हणून सीएक्ससीआर-४ असलेल्या रक्ताच्या मूळपेशी मज्जेत टिकून राहतात. कर्करोगाची पेशी यात नवं काही शोधत नाही, तयार वाटच वापरते.

स्टीफन पॅजेट या इंग्लिश सर्जनने १८८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदींचा अभ्यास मांडला. रक्त तर सगळीकडे जातं, मग रोग काही ठरावीक अवयवांतच का रुजतो, हा त्याचा प्रश्न. बी आणि माती दोन्ही जुळायला लागतात, हे त्याचं उत्तर. नेमकं काय जुळतं, याचा एक पक्का धागा मिळायला २००१ साल उजाडलं. अल्बर्ट झ्लॉटनिक यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये दाखवलं की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर सीएक्ससीआर-४ आणि सीसीआर-७ ठळकपणे असतात, आणि त्यांची केमोकाइन्स लिम्फ नोड, फुप्फुस, यकृत, अस्थिमज्जा या ठिकाणी सर्वांत जास्त असतात. म्हणजे हा रोग जिथे पसरतो, नेमके तेच अवयव. उंदरांमध्ये सीएक्ससीआर-४ला अँटीबॉडीने झाकल्यावर नोड आणि फुप्फुसांतला प्रसार कमी झाला.

सीएक्ससीआर-४ गाठीत वाढतो तो एका कारणाने नव्हे. गाठीच्या मधल्या भागात ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ हा घटक त्याचं जनुक चालू करतो. हर-२ जास्त असेल तर तो सीएक्ससीआर-४चं उत्पादन वाढवतोच, शिवाय त्याची पेशीच्या आत होणारी विल्हेवाटही रोखतो. हे २००४ मध्ये दाखवलं गेलं. केमोकाइनसाठी दूरच्या अवयवाकडेच बघावं लागतं असंही नाही. गाठीतल्याच फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधाराची ऊती बनवणाऱ्या, पेशी सीएक्ससीएल-१२ सोडतात, त्याने गाठ वाढते आणि नव्या रक्तवाहिन्या बनवणाऱ्या पेशीही तिकडे ओढल्या जातात. शिवाय सीएक्ससीएल-१२ला पकडणारा दुसराही रिसेप्टर आहे, एसीकेआर-३. जुन्या लेखांत तो सीएक्ससीआर-७ म्हणून सापडेल. तो जी-प्रथिनामार्फत संदेश देत नाही, मुख्यतः केमोकाइन गिळून टाकतो. त्यामुळे आसपासचं प्रमाण एकीकडे कमी आणि दुसरीकडे जास्त असं राहतं आणि पेशीला दिशा कळते. सीएक्ससीआर-४ एकटा मोजून चित्र अपुरं राहतं, त्याचं हे एक कारण.

सीसीआर-७ची कथा काखेतल्या नोडपुरती, पण तिच्यातली एक गोष्ट फार सुंदर आहे. गाठीतला द्रव लिम्फवाहिनीच्या दिशेने अगदी संथ वाहत असतो. पेशी स्वतःच सीसीआर-७चं केमोकाइन सोडते, प्रवाह ते पुढे ढकलतो, आणि पेशीच्या एका बाजूला ते किंचित जास्त साचतं. पेशी त्या बाजूला सरकते. म्हणजे स्वतःच सोडलेल्या खुणेमागे ती लिम्फवाहिनीपर्यंत जाते. प्रयोगशाळेत हे २००७ मध्ये दाखवलं गेलं. स्थिर द्रवातल्या चाचणीत हा परिणाम दिसणारच नाही, हे ध्यानात ठेवावं.

आता ‘कोणाच्या पेशीवर’ हा प्रश्न, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते. गाठ म्हणजे नुसत्या कर्करोगाच्या पेशी नव्हेत. सीएक्ससीआर-४ लिम्फोसाइटवर असतो, मॅक्रोफेजवर (गिळून टाकणाऱ्या पांढऱ्या पेशींवर) असतो, रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतो. सगळी गाठ वाटून आरएनए (जनुक किती चालू आहे याची खूण) मोजला तर या सगळ्यांची बेरीज हाती येते. ट्रिपल निगेटिव्ह प्रकारात (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही निगेटिव्ह) गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइट जितक्या जास्त तितका रोगाचा कल बरा, हे अनेक अभ्यासांत ठरलेलं आहे. मग अशा गाठीत सीएक्ससीआर-४चा आरएनए जास्त निघाला तर तो कशाचा पुरावा? कर्करोगाच्या पेशी पळायला तयार आहेत याचा, की बचावाच्या पेशी पोचल्या आहेत याचा? एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ. सार्वजनिक डेटाबेसमधून जनुक निवडून जगण्याचे आलेख काढायची सोय झाल्यापासून ही चूक वारंवार दिसते.

सीएक्ससीआर-३ तर बहुतांशी टी-पेशींचाच. सीएक्ससीएल-९ आणि १० त्याला बोलावतात, आणि ती गाठीत असणं सहसा चांगलं लक्षण असतं. याउलट सीसीआर-४ आणि सीसीआर-८ बचाव दाबणाऱ्या नियामक टी-पेशींवर सापडतात. स्तनाच्या गाठीतल्या अशा पेशींवर सीसीआर-८ रक्तातल्यापेक्षा ठळक असतो, हे २०१६ मध्ये समोर आलं. सीसीआर-२ मोनोसाइटवर असतो. गाठ सीसीएल-२ सोडून मोनोसाइट बोलावते, त्यांची मॅक्रोफेज होतात, आणि ही मॅक्रोफेज कर्करोगाच्या पेशींना फुप्फुसात बाहेर पडायला मदत करतात. सीसीआर-५चा संबंध अस्थिमज्जेतून आलेल्या मेझेन्कायमल पेशींशी: गाठीजवळ आल्यावर त्या सीसीएल-५ सोडतात आणि कर्करोगाच्या पेशी जास्त हलत्या होतात. एसीकेआर-१, म्हणजे डफी, हा तर तांबड्या पेशींवरचा तोच रेणू ज्याला धरून व्हायवॅक्स मलेरियाचा जंतू आत शिरतो. तो केमोकाइन पकडतो पण संदेश देत नाही, आणि गाठीत तो असणं रुग्णाच्या बाजूचं मानलं जातं.

मोजणी कुठे चुकते ते आता तपशिलाने सांगायला हवं.

पहिली चूक ऑपरेशन थिएटरमध्येच होते. काढलेला भाग तासाभराच्या आत कापून फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, ऊतीच्या किमान दहापट, आणि फिक्सेशन (ऊती त्यात मुरून टिकाऊ होणं) ६ ते ७२ तास. हे नियम ईआर, पीआर, हर-२साठी आहेत, पण केमोकाइन रिसेप्टर त्याहून नाजूक आहेत. केमोकाइन चिकटलं की सीएक्ससीआर-४ काही मिनिटांत आवरणावरून आत ओढला जातो आणि पुढे लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या मोडतोडीच्या पिशवीत, मोडला जातो. ऊती टेबलावर पडून राहिली आणि तिचा ऑक्सिजन संपला तर चित्र रुग्णाच्या अंगातल्यासारखं राहत नाही. ग्लोबोकॅन या जगभरच्या कर्करोगाच्या आकडेवारीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते, आणि त्यांतल्या अनेकींचं ऑपरेशन मोठ्या केंद्रापासून लांब होतं. अख्खा स्तन न कापता लहानशा बरणीत कोंबून पुण्या-मुंबईला पाठवला तर फॉर्मॅलिन मधल्या भागापर्यंत पोचतच नाही; ते तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत जातं. अशा ब्लॉकवर (पॅराफिन मेणात बसवलेल्या ऊतीवर) ईआरसुद्धा खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. थिएटरमध्येच गाठीवर ५ मिलिमीटर अंतराने काप द्यावेत आणि मध्ये गॉजचे तुकडे ठेवावेत. मात्र कोणती कडा कुठली हे शाईने आणि टाक्यांनी आधी दाखवायचं, आणि काप कसे द्यायचे ते पॅथॉलॉजिस्टशी ठरवूनच.

दुसरी चूक अँटीबॉडीची. १२जी५ ही सीएक्ससीआर-४ची प्रसिद्ध अँटीबॉडी फ्लो सायटोमेट्रीत (एकेक पेशी मोजण्याच्या पद्धतीत), जिवंत पेशींवर, उत्तम चालते. ती रिसेप्टरच्या बाहेरच्या वळणाचा आकार ओळखते. पॅराफिन ब्लॉकमध्ये तो आकार टिकेल याची खात्री नाही, म्हणून तिथे तिच्यावर विसंबू नये. यूएमबी-२ ही सशाची मोनोक्लोनल पॅराफिनवर चांगली, पण ती रिसेप्टरचं आतलं शेपूट ओळखते, आणि त्या शेपटाला फॉस्फेट लागले की तिला ते ओळखता येत नाही. म्हणजे जिथे केमोकाइन चिकटून रिसेप्टर नुकताच कामाला लागला आहे, तिथेच डाग फिका पडण्याची शक्यता. ज्याची सर्वांत जास्त गरज, तेच निसटतं. त्यामुळे क्लोनचं, म्हणजे नेमक्या अँटीबॉडीचं, नाव नसलेल्या शोधनिबंधातला ‘निगेटिव्ह’ हा शब्द मी तरी गंभीरपणे घेत नाही.

प्रत्येक बॅचबरोबर पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून टॉन्सिलचा काप ठेवावा. सीएक्ससीआर-४साठी जर्मिनल सेंटर, सीसीआर-७साठी टी-पेशींचा भाग. ज्या पेशींत ते जनुकच काढून टाकलं आहे त्यांचा सेल ब्लॉक निगेटिव्ह कंट्रोल म्हणून मिळाला तर सोन्याहून पिवळं. शिवाय त्याच कापातल्या लिम्फोसाइटकडे बघावं. त्या रंगल्या नसतील तर गाठ निगेटिव्ह म्हणू नये, स्लाइड फेकावी.

तिसरी चूक वाचनाची. सीएक्ससीआर-४ आवरणावर, सायटोप्लाझममध्ये आणि केंद्रकात, तिन्ही ठिकाणी दिसतो. काहींनी केंद्रकातला डाग स्वतंत्र मोजला आणि त्याचा नोडमधल्या रोगाशी संबंध लावला, काहींनी तो पार्श्वभूमी समजून सोडून दिला, काहींनी सगळ्याची बेरीज केली. एच-स्कोअर करताना तीव्र डागाच्या पेशींची टक्केवारी गुणिले ३, मध्यम गुणिले २, फिक्या गुणिले १, अशी ० ते ३०० बेरीज येते. तिन्ही जागांचा स्कोअर वेगवेगळा लिहावा आणि दोन वाचकांनी एकमेकांचा आकडा न बघता द्यावा. त्यानंतर ‘जास्त’ची सीमारेषा. कोणी मध्यक घेतला, कोणी १० टक्के पेशी, आणि कोणी सगळ्या सीमारेषा तपासून ज्यात पी-व्हॅल्यू सर्वांत छोटी आली ती निवडली. या शेवटच्या पद्धतीने नसलेला संबंधही दिसू लागतो. सीमारेषा आधी ठरवून दुसऱ्या रुग्णगटात तपासल्याशिवाय प्रोग्नोसिसचा, म्हणजे रोगाचा कल सांगण्याचा, दावा करू नये. ट्यूमर मार्करचे अभ्यास कसे मांडावेत हे सांगणाऱ्या, २००५ पासूनच्या रिमार्क मार्गदर्शक तत्त्वांचा रोखही हाच आहे. एकत्रित विश्लेषणांत सीएक्ससीआर-४ जास्त असलेल्यांचा कल वाईट दिसतो हे खरं, पण इतक्या निरनिराळ्या पद्धतींची सरासरी एका रुग्णाच्या रिपोर्टवर उतरवता येत नाही.

आता प्रयोगशाळेतल्या स्थलांतर चाचणीबद्दल (छिद्रांच्या पडद्यातून किती पेशी केमोकाइनकडे जातात ती), कारण एमएस्सी-पीएचडी करणाऱ्यांचे महिने यात जातात. २४ वेलच्या प्लेटमध्ये ८ मायक्रोमीटर छिद्रांचे इन्सर्ट घ्यावेत. ५ मायक्रोमीटरचे लिम्फोसाइटसाठी, त्यातून एमडीए-एमबी-२३१ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी फारशा जात नाहीत. पेशी रात्रभर सीरमशिवाय ठेवाव्यात. सोडवताना ट्रिप्सिन टाळून ईडीटीए वापरावं, कारण ट्रिप्सिन रिसेप्टरची बाहेरची टोकं कापू शकतं. वरच्या कप्प्यात १०० ते २०० मायक्रोलीटरमध्ये ५० हजार पेशी, खाली ६०० मायक्रोलीटर माध्यम, दोन्हींत ०.१ टक्के बीएसए (अल्ब्युमिन). बीएसए नसेल तर केमोकाइन प्लास्टिकला चिकटून वाया जातं. सीएक्ससीएल-१२ एकाच प्रमाणात वापरू नये. ०, १०, ५०, १०० आणि ३०० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर लावावं. आलेख घंटेसारखा येतो, वरच्या प्रमाणात हालचाल पुन्हा घटते. फक्त ३००वर चाचणी करून ‘परिणाम नाही’ लिहिणं ही नेहमीची चूक. सीरममधलं डीपीपी-४ हे एन्झाइम सीएक्ससीएल-१२ची पहिली दोन अमिनो आम्लं कापून ते निकामी करतं, म्हणून खाली सीरम घालू नये.

एक वेल असाही हवा ज्यात वर आणि खाली दोन्हीकडे केमोकाइन आहे. त्यातही पेशी तितक्याच खाली गेल्या तर ती दिशेने चाललेली हालचाल नव्हे, नुसती वाढलेली वळवळ. सीएक्ससीआर-४ अडवायला प्लेरिक्साफोर हे औषध १ मायक्रोमोलर, अर्धा तास आधी, एवढं पुरतं. १० मायक्रोमोलरच्या वर ते एसीकेआर-३ला उत्तेजन देऊ लागतं आणि निकाल वाचता येत नाही. १६ ते २४ तासांनी मोजताना खालच्या द्रवात गळून पडलेल्या पेशीही मोजाव्यात. आणि सुरू करण्याआधी एसटीआर तपासणी (पेशींची डीएनएवरून ओळख) व मायकोप्लाझ्मा (पेशींत लपणारा जिवाणू) तपासणी. एमडीए-एमबी-४३५ ही पेशी वर्षानुवर्षं स्तनाची म्हणून वापरली गेली आणि ती मेलानोमाची निघाली. तिच्यावरचे केमोकाइनचे निष्कर्ष स्तनाच्या कर्करोगाला लावू नयेत.

औषधांच्या बाबतीत ‘कधी’ हा प्रश्न समोर येतो. प्लेरिक्साफोरला अमेरिकेत २००८ मध्ये मान्यता मिळाली, ती मूळपेशी मज्जेतून रक्तात आणण्यासाठी, लिम्फोमा आणि मायलोमाच्या रुग्णांत. हाच परिणाम स्तनाच्या कर्करोगात काळजीचा आहे. २०१६ मध्ये उंदरांत दिसलं की मज्जेतल्या रक्तवाहिन्यांजवळ निपचित पडलेल्या कर्करोगाच्या पेशींना सीएक्ससीआर-४ धरून ठेवतो, आणि तो अडवला की त्या रक्तात सुटतात. बाहेर काढून केमोथेरपीच्या तोंडी देणं हा एक विचार आहे. पण सोडल्या आणि मारल्या गेल्या नाहीत तर?

सीसीएल-२ची गोष्ट आणखी बोलकी आहे. उंदरांत त्याविरुद्धची अँटीबॉडी चालू असेपर्यंत प्रसार कमी होता. ती थांबवल्यावर मज्जेत अडकून राहिलेल्या मोनोसाइटचा लोंढा सुटला, फुप्फुसातला रोग वेगाने वाढला आणि उंदीर लवकर मेले. हे २०१४ चं काम. औषध किती दिवस द्यायचं आणि थांबवायचं कसं, हे ठरवल्याशिवाय असा प्रयोग माणसात सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसांतले निकालही बोध देणारे आहेत. बॅलिक्साफोर्टाइड हे सीएक्ससीआर-४ अडवणारं पेप्टाइड एरिब्युलिन या केमोथेरपीसोबत दिलं तेव्हा पहिल्या टप्प्यात ५४ पैकी १६ स्त्रियांच्या गाठी आकसल्या, सुमारे ३० टक्के. तुलनेचा गट नव्हता. तिसऱ्या टप्प्यात तुलना झाली आणि २०२१ मध्ये दोन्ही गटांत प्रतिसाद १३ टक्क्यांच्या आसपास निघाला. सीएक्ससीआर-१ आणि २ अडवणारं रेपॅरिक्सिन ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांत पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीसोबत देऊन पाहिलं, रोग आटोक्यात राहण्याचा काळ वाढला नाही. पसरून स्थिरावलेल्या रोगात प्रवासाची वाट अडवून किती फायदा होणार, हा प्रश्न चाचणी आखतानाच विचारायला हवा होता असं मला वाटतं. पेशी तोवर पोचलेल्या असतात.

सीएक्ससीआर-४ला चिकटणारं गॅलियम-६८ पेंटिक्साफोर वापरून पेट स्कॅन करता येतो. ब्लॉकमधल्या अडचणी त्याने टळतात, सगळं शरीर एकदम दिसतं. पण स्तनाच्या गाठीत त्याची चमक पेट स्कॅनमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या एफडीजीपेक्षा (साखरेसारख्या द्रव्यापेक्षा) कमी पडते, त्यामुळे निदानासाठी तो एफडीजीची जागा घेणारा नव्हे.

म्हणून एखाद्या लॅबने मोठ्या जनुक पॅनेलमध्ये ‘सीएक्ससीआर-४ वाढलेला’ असं लिहून दिलं तर त्यावरून उपचार बदलायचे नसतात, आणि त्यासाठी वेगळे पैसेही खर्चू नयेत. रोग परतण्याची शक्यता सांगणाऱ्या २१ जनुकांच्या प्रचलित चाचणीतही एकही केमोकाइन रिसेप्टर नाही. मॅक्रोफेजची खूण असलेलं सीडी-६८ मात्र आहे. रोग ट्रिपल निगेटिव्ह असेल तर पॅथॉलॉजिस्टला टीआयएलची (गाठीत शिरलेल्या लिम्फोसाइटची) टक्केवारी लिहायची विनंती करता येते. त्याला नवा काप लागत नाही, नवी अँटीबॉडी लागत नाही. नेहमीच्या रंगाच्या साध्या एच अँड ई स्लाइडवर, गाठीच्या हद्दीच्या आत, कर्करोगाच्या पेशींच्या मधल्या जागेचा किती भाग लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशींनी व्यापला आहे ते बघायचं. मेलेल्या ऊतीचा भाग आणि सुईने बायोप्सी घेतलेली जागा सोडायची, सर्वांत दाट ठिकाण न निवडता सरासरी घ्यायची. सीएक्ससीएल-९ आणि १० यांनी बोलावलेल्या पेशी खरोखर पोचल्या का, ते या आकड्यात दिसतं.